चार आडव्या रेघा

मित्रांनो, मी एका निळ्या गाडीतला जुना रेडिओ आहे. दुकानदार मला स्टिरिओ म्हणतात आणि घरातले लोक टेप म्हणतात. मधले सव्वा वर्ष मात्र मला कोणी काहीच म्हणत नव्हते, कारण मी बोलतच नव्हतो. त्या सव्वा वर्षाची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. एकीने माझ्या आत तारा जोडल्या, दुसरीने बटणे बसवली, तिसरीने काच पुसली. सर्वांत शेवटी बसलेल्या बाईंनी माझ्या पोटात चार आकडे घातले आणि तेच आकडे एका छोट्या कार्डावर छापले. ते माझे कुलूप होते. गाडीच्या बॅटरीपासून मला तोडले, की पुन्हा जोडल्यावर माझ्या काचेवर चार आडव्या रेघा उमटतात. बरोबर आकडे दिले तरच मी बोलतो. मला कोणी उपटून नेले तर चोराच्या काही उपयोगी पडू नये, म्हणून ही सोय. चुकीचे आकडे दिले तर चुकांची संख्या मी काचेच्या कोपऱ्यात दाखवतो. दहा चुका झाल्या की मी कायमचा बंद. त्या वेळी मला माझ्या कुलपाचा फार अभिमान वाटला होता.

मला विकत घेणारे गृहस्थ लिफ्टचे मिस्त्री होते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, की लोक त्यांना बोलावत. ते कसलीही घाई करत नसत. आधी दाराशी तोंड नेऊन आतल्या माणसांशी गप्पा मारत आणि मगच हत्यारांची पेटी उघडत. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी वहिनी गाडीत शेजारी बसत आणि माझी बटणे दाबून बघत.

"अहो, गाणं मध्येच कुठं गेलं?" त्या विचारत.

"टेकडीआड आलो ना आपण. एफएमच्या लाटा नाकासमोर चालणाऱ्या. मध्ये टेकडी आली, मोठी इमारत आली, की अडल्याच."

"मग दुसरं काही लागत नाही का?"

"लागतं की. मध्यम लहरी लाव. त्या वळसा घालून येतात. आवाज जरा जाडाभरडा, पण पोचतात बिचाऱ्या."

सिग्नलला थांबल्यावर खरखर सुरू झाली, की मिस्त्री गाडी हातभर पुढे घेत आणि आवाज स्वच्छ होई. "एकच लाट सरळ येते आणि समोरच्या भिंतीवर आपटूनही येते," ते सांगत. "दोघींचं भांडण जुंपतं. आपण थोडं सरकलो की मिटतं." वहिनींना हे सगळे जादूसारखे वाटे. आवडते स्टेशन साठवायचे, तर बटण दाबून धरायचे असते. वहिनींनी एकदा स्टेशन नीट लागायच्या आतच तिसरे बटण दाबून धरले. त्यानंतर कित्येक महिने तिसऱ्या बटणावर नुसती खरखर होती. "ही वहिनींची खरखर," असे मिस्त्री पाहुण्यांना कौतुकाने दाखवत आणि वहिनी त्यांच्या दंडावर चापट मारत.

गाडीची बॅटरी जुनी झाली होती. ती काढून, पाणी घालून, घासून पुन्हा बसवायचा मिस्त्रींना नादच होता. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या काचेवर चार रेघा येत. मिस्त्री चालकाच्या जागेवर बसत, डावा हात माझ्याकडे टाकत आणि तोंड खिडकीबाहेर काढून शेजाऱ्याशी बोलत. त्यांचे बोलणे चालू असतानाच बोटे चार बटणांवर फिरत. मी बोलू लागे आणि शेजारी म्हणे, "न बघता कसं काय जमतं हो?" कार्ड त्यांनी कुठेतरी नीट जपून ठेवले होते. इतके नीट, की ते पुन्हा कधीच कोणाला सापडले नाही.

एका सकाळी मिस्त्री कामावर निघाले आणि जिन्यातच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. तीन महिने गाडी जागची हलली नाही. मिस्त्री घरी आले ते चाकांच्या खुर्चीतून. उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाले होते. बोलणे तर पूर्णच गेले होते. तोंड उघडत, मान पुढे काढत, कपाळावर शिरा ताणल्या जात, आणि शेवटी नुसती हवा बाहेर येई.

वहिनी गाडी चालवायला शिकल्या, कारण आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावे लागे. तोवर बॅटरीने मान टाकली होती. नवीन बॅटरी बसली आणि माझ्या काचेवर चार रेघा उमटल्या. वहिनींनी लग्नाची तारीख घालून पाहिली. घराचा नंबर घातला. मिस्त्रींचे जन्मसाल, स्वतःचे जन्मसाल, टेलिफोनचे शेवटचे चार आकडे, सगळे करून पाहिले. प्रत्येक वेळी मी कोपऱ्यातला आकडा एकाने वाढवत गेलो. मला तो वाढवायचा नव्हता हो! पण मला तसेच बनवलेले होते. शेवटी वहिनी मला रेडिओवाल्याकडे घेऊन गेल्या.

"वहिनी, नऊ झाले," तो वाकून काच बघत म्हणाला. "आता एकच राहिला. तो चुकला तर हा नुसता डबा. आणि ज्या कारखान्याचा आहे, तो कारखानाही आता नाही."

त्या दिवसापासून वहिनींनी मला हात लावणे सोडले.

मित्रांनो, मुके होणे म्हणजे काय, ते मला त्यानंतर कळले. छतावरची एरियल तिचे काम करतच होती. गाणी, बातम्या, हवामानाचे अंदाज, सगळे तारेतून माझ्या दारापर्यंत येत होते आणि दारातच थांबत होते. चार स्क्रू मला चारी बाजूंनी धरून होते. समोर त्या चार रेघा. आणि चालकाच्या शेजारच्या सीटवर, पट्ट्याने बांधलेले मिस्त्री.

ते माझ्याकडे बघत असत. माझ्या बाजूचा त्यांचा हात म्हणजे उजवा, निकामी. डावा हात ते अंगावरून वळवून माझ्यापर्यंत आणू पाहत, पण पट्टा ताणला जाई. एकदा बोट बटणाला टेकलेसुद्धा. वहिनींनी घाबरून त्यांचा हात धरला आणि मांडीवर ठेवला.

"अहो, नका हात लावू. एकच राहिलाय. चुकला तर कायमचं जाईल."

मिस्त्रींनी हात पुन्हा उचलला. वहिनींनी पुन्हा खाली ठेवला, अगदी मायेने. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. वहिनींना वाटले, दमले असतील.

हळूहळू गाडीत त्यांच्याशी कोणी बोलेनासे झाले. त्यांच्याबद्दल मात्र सगळे बोलत. दवाखान्यातल्या बाई खिडकीतून वहिनींना विचारत, "झोप लागते का यांना?" शेजारी विचारत, "ओळखतात का?" मिस्त्री तिथेच बसलेले असत.

मिस्त्रींचे थोरले भाऊ दर रविवारी येत. माणूस वाईट नव्हता. एका रविवारी मागच्या सीटवर बसून ते म्हणाले, "अगं, तुझी पाठ पार गेलीय उचलून उचलून. उद्या तू पडलीस तर दोघांना कोण बघणार? टेकडीपलीकडे ते शुश्रूषागृह आहे. चांगलं आहे म्हणतात. एकदा बघून तरी येऊ."

"पण भाऊजी, यांना काय वाटेल?"

"त्याला आता काय कळतंय?"

मिस्त्रींचा डावा हात सीटच्या कडेवर होता. बोटे पांढरी होईपर्यंत त्यांनी ती कड आवळून धरली. मला ते दिसले. मी काय करणार होतो? माझ्याजवळ चार रेघांशिवाय दुसरा शब्द नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते शुश्रूषागृह बघायला निघाले. मागे उंच टेकडी, पुढे सहा मजली इमारत आणि मध्ये गाड्या लावायची अरुंद जागा. पहारेकरी ओरडला, "भिंतीला चिकटवून लावा! रुग्णवाहिकेला वाट पाहिजे!" वहिनी नवशिक्या. त्यांनी गाडी खरोखरच भिंतीला चिकटवली. डावे दार बोटभरही उघडेना आणि मागे रुग्णवाहिका येऊन उभी राहिली.

"शाब्बास!" भाऊजी म्हणाले. "आता याला उतरवायचं कुठून? छतातून?"

शेवटी दोघांनी मिळून मिस्त्रींना इकडच्या सीटवरून तिकडच्या सीटवर सरकवायचे ठरवले. वहिनी बाहेरून ओढत होत्या, भाऊजी मागून रेटत होते आणि मिस्त्री डाव्या हाताने जमेल तसे स्वतःला ढकलत होते. घामाघूम होऊन मिस्त्री एकदाचे चालकाच्या जागेवर बसले. भाऊजी चाकांची खुर्ची आणायला गेले. वहिनी दार धरून दम खात उभ्या राहिल्या. चावी लागलेलीच होती.

सव्वा वर्षाने मिस्त्री स्टिअरिंगमागे बसले होते. त्यांनी चाकाला हात लावून पाहिला. गिअरला लावला. मग त्यांनी मान वळवली, तोंड उघड्या दाराबाहेर केले आणि डावा हात माझ्याकडे टाकला.

"अहो, नको!" वहिनी झेपावल्या. त्यांचा हात मिस्त्रींच्या मनगटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मिस्त्री बटणांकडे बघतच नव्हते. समोर शेजारी नव्हता, भिंतही नव्हती, नुसती रिकामी वाट होती, आणि ते तिकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसेच. वहिनींनी हात मागे घेतला. दोन्ही हात तोंडावर ठेवले.

पहिले बटण चार वेळा. दुसरे एकदा. तिसरे पाच वेळा. चौथे दोनदा. मग बोट कडेच्या बटणावर गेले आणि दाबून राहिले.

माझ्या रेघा गेल्या.

मला आनंदाने ओरडायचे होते, पण तोंडातून आली ती नुसती खरखर. भाऊजी खुर्ची घेऊन आले.

"भाऊजी, यांनी लावला! यांनी आकडे घातले!"

"हाताची सवय असते गं," भाऊजी हळूच म्हणाले. त्यांना वहिनींना खोटी आशा लावायची नव्हती. "डोकं लागत नाही त्याला. आणि बघ ना, खरखरच आहे. मुळात बिघडलाच असणार तो."

मिस्त्रींनी मान हलवली. नाही. त्यांनी मागच्या टेकडीकडे पाहिले, समोरच्या सहा मजल्यांकडे पाहिले. मग त्यांनी माझे आणखी एक बटण शोधले, एफएम सोडून मध्यम लहरींवर जायचे. ते दाबले. मग गोल खुंटी धरली आणि अगदी सावकाश फिरवू लागले. खरखर पातळ झाली. शिट्टी आली आणि गेली. त्यांनी केसभर मागे फिरवले. आणि टेकडीला वळसा घालून एक जाडाभरडा आवाज माझ्यापर्यंत पोचला. कोणी तरी उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगत होते.

भाऊजी खुर्चीची मूठ धरून उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी विचारले, "तुला सगळं कळतं का रे? त्या रविवारी मी बोललो, ते पण?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. हो.

भाऊजींचे डोळे भरून आले. वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्या गाडीशेजारी खाली बसल्या, त्यामुळे त्यांचे तोंड मिस्त्रींच्या तोंडासमोर आले.

"अहो, तुम्हाला इथं राहायचंय का?"

हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होते. मिस्त्रींनी मान हलवली. नाही. मग त्यांनी डावा हात वहिनींच्या पाठीमागे नेला आणि दुखऱ्या जागेवर ठेवला. तेवढा वेळ ते भाऊजींकडे बघत होते.

"समजलं," भाऊजी म्हणाले. "सकाळची अंघोळ माझ्याकडे. रोज येईन. हिनं उचलायचं नाही."

आणि ते खरोखर येऊ लागले. कधी उशीर करत, कधी कुरकुर करत, पण येत. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मिस्त्रींचे पूर्वीचे बोलणे काही परत आले नाही. चिडले की ते हातातली वस्तू फेकत. वहिनीही कधी कधी गाडीत एकट्या बसून रडत आणि माझा आवाज मोठा करत. पण आता त्या मिस्त्रींना विचारत. विचारून झाले, की थांबत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्या यंत्राचे आकडे लिहून ठेवा आणि कुठे ठेवले ते घरात दोघांना तरी सांगा. आणि कोणी गप्प झाला, तर आत कोणी नाही असे धरून चालू नका. विचारा, आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ द्या. हे थांबणे सोपे नाही. किती अवघड आहे, ते मी परवाच पाहिले.

आम्ही पेट्रोल पंपावर होतो. मागे गाड्यांची रांग होती. नळी लावता लावता पंपावरच्या माणसाने वहिनींना विचारले, "साहेबांची तब्येत कशी आहे आता?"

"ते बसलेत ना शेजारी," वहिनी म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

तो माणूस ओशाळला. वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला, वाकला आणि म्हणाला, "साहेब, कसे आहात?"

मिस्त्रींनी तोंड उघडले. मान पुढे आली. कपाळावरची शीर ताणली गेली. पेट्रोल भरून झाले होते. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, मग तिच्या मागच्या गाडीने. वहिनींनी चावीला हात लावला नाही. मी एक फार सुंदर गाणे म्हणत होतो. वहिनींनी हात पुढे केला आणि माझी आवाजाची खुंटी फिरवून मला पूर्ण गप्प केले. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसायचे वाईट वाटले नाही. मीही कान लावून थांबलो.

"ब," मिस्त्री म्हणाले. मागे चार भोंगे एकदम वाजले. पंपावरचा माणूस वाकूनच उभा होता.

"बरं," मिस्त्री म्हणाले.