चुडाव्याचं विमान

महारुद्र हवाई दलात इंजिन फिटर होता. पेन्शनीत आल्यावर त्याने चुडाव्याला दोन ट्रंका आणल्या आणि त्यांच्यासोबत स्वतः बनवलेलं एक लाकडी विमान. दोन्ही हात पसरले तरी पुरे पडणार नाहीत एवढे त्याचे पंख होते, नाकात मुठीएवढं खरंखुरं इंजिन. रब्बीचं निघून रान मोकळं झालं की तो ते रिमोटवर उडवायचा. अर्धं गाव बांधावर जमायचं, पण त्याची बायको कोकिळा कधी फिरकली नाही. तिला तो आवाजच सोसायचा नाही. "माजी सवत वरडायली," असं ती शेजारच्या तानुबाईला सांगायची.

मग महारुद्रला लकवा झाला. उजवा पाय काठीच्या आधाराने कसाबसा चालता झाला, हात मात्र लोंबतच राहिला. सगळ्यात वाईट झालं ते बोलण्याचं. मनात नेमकं असायचं, तोंडातून भलताच शब्द यायचा. पाणी हवं असलं की 'चप्पल' म्हणायचा आणि स्वतःच चिडायचा. भेटायला आलेली माणसं तो बहिरा असल्यासारखी मोठ्याने बोलायची, नाहीतर त्याच्यासमोरच कोकिळाला त्याची तब्येत विचारायची. हळूहळू त्याने तोंड उघडायचंच सोडलं.

हरभरा निघाल्यावर कोकिळाच्या लक्षात आलं, की हा बाजेवर पडल्या पडल्या माळ्याकडे बघत असतो. तिथे जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं विमान होतं. पहिल्यांदा तिने काणाडोळा केला. पण ती नजर काही हटेना, तेव्हा एक दिवस शिडी लावून तिने ते खाली काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"घ्या. बगा काय करायचं ते."

त्याने डाव्या हाताने धूळ पुसली. मग तिच्या हातांकडे बोट दाखवलं.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

त्याने बोट तसंच धरून ठेवलं. कोकिळाने पदर खोचला.

इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग त्याने खुणेने काढायला लावला. प्लगच्या पोटातली बारीक तार बॅटरी लावली की लाल व्हायला हवी, ती झाली नाही. डब्यात एक नवा प्लग सापडला. त्याची तार निखाऱ्यासारखी फुलली, तशी महारुद्रने मान डोलावली. जुन्या कॅनमधलं तेल त्याने नाकाशी नेलं आणि अंगणात ओतून दिलं. परभणीला राहणाऱ्या लेकीला, पंकजाला, फोन गेला. ती पुढच्या खेपेला नवा कॅन घेऊन आली आणि आईला विमानापाशी बसलेली बघून आत चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रानात आले. विमानाची शेपटी कोकिळाने बाभळीच्या बुंध्याला बांधली. पंख्यात हात जाऊ नये म्हणून काठीला सायकलची ट्यूब गुंडाळून घेतली आणि त्या काठीने पंखा फिरवू लागली. फट्‌ करून इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. परत फिरवलं, परत तेच.

महारुद्रने नळीकडे बोट केलं. नळीतून तेल व्यवस्थित येत होतं. तेल कमीजास्त करणारी सुई त्याने थोडी उघडायला लावली, थोडी मिटायला लावली. तेल जास्त झालं म्हणून विमान उलटं धरून निथळवलं. उन्हं चढली, कोकिळाचा खांदा भरून आला आणि इंजिन आपलं फट्‌च्या पुढे जाईना.

"चूल," महारुद्र म्हणाला.

"चा पायजे? थर्मासात हाय."

त्याने मान हलवली. "चूल. चूल!"

"काय चूल चूल लावलंय? रानात कुटून आणू चूल?"

त्याने काठी जमिनीवर आपटली आणि तोंड फिरवलं. कोकिळाही रागारागाने थर्मासकडे निघाली होती. पण वळून बघितलं तर तो डाव्या मनगटाने डोळे पुसत होता. ती परत आली आणि त्याच्यासमोर ढेकळात बसली.

"बरं. चूल. पेटत न्हाई म्हणायलाव का?"

मान आडवी हलली.

"लाकडं वली हायत?"

नाही. त्याने हात जमिनीपासून वर वर नेला, बोटं हवेत पसरवली.

"जाळ? ... धूर?"

"हां!" त्याने मांडीवर थाप मारली. "हां, हां!"

धूर. धुराला वाट नसली की चूल कोंडते, हे कोकिळाला कुणी सांगायची गरज नव्हती. "ह्याचा धूर निघतो कुटून?" तिने विचारलं. महारुद्रने विमानाच्या पोटाखालच्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं. तिने वाकून त्याच्या भोकात करंगळी घातली. करंगळी नखाच्या पुढे जाईना. आत वाळून कडक झालेली माती होती.

"अगं बया! कुंभारनीनं घर बांदलंय हितं!"

कुंभारीण माशी. माळ्यावर विमान पडून होतं, तेव्हा कधीतरी तिने ती जागा हेरली होती. सायलेन्सर खोलून कोकिळाने बारीक तारेने माती कोरून काढली. मातीबरोबर, माशीने पिल्लांसाठी साठवलेले, वाळलेले चार कोळी पडले. महारुद्रने नळकांडं डोळ्याला लावून आभाळ बघितलं, तिलाही दाखवलं आणि मगच ते परत बसवायला सांगितलं.

काठीचा पहिला फटका बसला, इंजिन खोकलं. दुसऱ्याला फट्‌फट्‌ झालं आणि एकदम असा टिपेचा आवाज निघाला की कोकिळा दोन पावलं मागे सरली. तेलात मिसळलेल्या एरंडेलाचा निळसर धूर बांधावर पसरला. महारुद्र पंखाच्या मागे बसला होता. त्याने डावा हात पुढे करून सुई केसाकेसाने मिटायला सुरुवात केली. आवाज चढत गेला, चढत गेला, मग तारेसारखा ताणून स्थिर झाला. मान कलती करून तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, लाज नव्हती. इतकी वर्षं बांधावरची पोरंसोरं हा चेहरा बघत आली होती आणि आपण मात्र घरात बसून चडफडत होतो, असं कोकिळाला वाटलं.

टाकी संपल्यावर इंजिन शांत झालं. त्याने रिमोट उचलून तिच्याकडे केला.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" ती म्हणाली. पण घेतला.

पहिले काही दिवस तिने विमान नुसतं जमिनीवर पळवलं. एका सकाळी ते धावता धावता आपसूकच उचललं गेलं. "अहो, आता काय करू?" कोकिळा ओरडली. सांगायला शब्द सापडेपर्यंत विमान थांबणार नव्हतं. महारुद्रने काठी टाकली, तिच्या खांद्याला खांदा टेकवला आणि तिच्या अंगठ्यावर आपला डावा अंगठा ठेवला. विमान शेजारच्या सटवाजीच्या उसावरून एक मोठा फेरा मारून आलं आणि शेवटी धसकटांत आडवं झालं. एक पंख मधोमध मोडला.

"मोडलं की हो," कोकिळा कानकोंडी होऊन म्हणाली.

महारुद्र हसत होता. हसता हसता त्याचा तोल गेला आणि तो सरीतच बसला. कोकिळाने पंखाचे तुकडे गोळा करून ओटीत घेतले.

"चिकटवायचं घरात हाय का काई? का परभणीहून आणायचं?"

तो विचार करू लागला. ओठ हलले, थांबले. कोकिळाला घाई नव्हती, ती त्याच्याजवळ बसून राहिली.

"पूर्णा," तो म्हणाला. "पूर्णेत भेटतंय."

"मंग दुपारच्या गाडीनं तालुक्याला जाऊ," ती म्हणाली आणि त्याला उठायला हात दिला.