बापाकडची प्रत

आमचा जीव टांगणीला लागलेला, आन् साक्षी खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत खदाखदा हसत व्हती. निगडीच्या डॉक्टरीन चित्राबाई म्हनल्या, "आजी, हे हसणंसुद्धा आजाराचाच भाग आहे." घ्या! म्हंजे माझ्या नातीचं हसूबी तिचं न्हाई. चार वर्सांची पोर, तोंडातनं एक शबुद न्हाई, चालताना झोकांड्या जातात, मधीच फीट येती. दृष्ट काढून, अंगारे लावून दमलो, तवा कुठं रक्ताच्या तपासात आजाराचं नाव घावलं: अँजलमन.

माझ्या शेजारी माझा ल्योक प्रीतम, पल्याड सून तनुजा. तनुजा माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात मामाची पोरगी हक्कानं करतात, तशी मीच तिला कुरुळीहून हौसेनं आनली. म्हनून पयला सवाल म्याच केला, "बाई, घरातल्या घरात लगीन केलं, त्यानं झालं का वो हे?"

"अजिबात नाही," चित्राबाई म्हनल्या. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. एका जनुकाच्या दोन प्रती असत्यात, एक आईकडची, एक बापाकडची. मेंदूत बापाकडची प्रत समद्यांचीच गप असती. तिला एक आरएनए गप बसवतो. ह्यो आरएनए सवता काय बी घडवत न्हाई, बापाकडच्या प्रतीला बोलू द्यायचं न्हाई एवढंच त्याचं काम. कारभार सगळा आईकडच्या प्रतीवर. आन् साक्षीत नेमका आईकडचाच तुकडा गर्भ धरतानाच आपसूक गळालेला. तनुजाचं रक्त तपासलं, त्यात काय बी खोट न्हाई. फुडच्या लेकराला धोका न्हाई म्हनलं तरी चालंल.

"म्हंजे बापाचं हाय, पन कामाला येत न्हाई?" म्या इचारलं.

"शाबूत आहे, आजी. पण गप्प आहे."

तनुजा तवर जमिनीकडं बघत व्हती. तिनं मान वर केली. "त्याला बोलतं नाही का करता येणार?"

बाई म्हनल्या, त्या आरएनएला अडवायचं औषध परदेशात पेशंटवर तपासून बघत्यात, पाठीच्या मनक्यातनं देऊन. अजून मंजूर न्हाई, कवा मिळंल सांगता येत न्हाई. खोटी आशा त्यांनी लावली न्हाई, त्यांचं भलं व्हवो.

गाडीत बसतोय तवर आमच्या मालकांचा फोन. यशवंतराव म्हनलं की आर्धी मोशी उठून उभी ऱ्हाती. गाडीच्या स्पीकरवर आवाज आला, "कुनाकडचं निघालं?"

प्रीतम म्हनला, "आईकडचं."

"आरं, पुरतं सांग की!" म्या वरडले, पन तिकडनं फोन ठेवलेला. "परत लाव," म्हनलं. सिग्नलला थांबल्यावर त्येनं फोनकडं बघितलं, आन् गाडी फुडं काढली.

रविवारी मालकांनी भावकी बसवली. माझा भाऊ उद्धवदादा, लेकीचा बाप म्हनून, त्यालाबी बोलावलं. बायांनी सैपाकघराच्या दारात उभं राहून ऐकायचं, ही आमची रीत. मालक म्हनले, "तनुजानं पोरीला घिऊन काही दिस माहेरी ऱ्हावं. खोट तिकडची हाय. दुसरं लेकरूबी तसंच निघालं तर आमच्या वंशाचं काय?" काही दिस म्हंजे काय, ते तिथं समद्यांना ठावं व्हतं. प्रीतमचं दुसरं लगीन लावायचं व्हतं त्यांना.

माझं टाळकं सरकलं. जल्मात पयल्यांदा भावकीम्होरं आले. "खोट कुनाचीच न्हाई! डॉक्टरीनबाईंनी सवता सांगितलंय. तुमचा ल्योक तिथंच बसला व्हता, इचारा की त्याला!"

मालक हसले. "तू कुरुळीचीच. तू कुरुळीचीच बाजू घेनार."

समद्यांनी प्रीतमकडं बघितलं. माझ्या मागं तनुजा दाराची चौकट धरून उभी व्हती. "अहो, सांगा की," एवढंच म्हनली. ट्रक बापाच्या नावावर, चाकणच्या कंपनीतलं काम बापाच्या वळखीवर. तरी पोरानं तोंड उघडलं व्हतं, म्या बघितलं. मालकांनी नुसता घसा खाकरला. प्रीतमनं मान खाली घातली.

"बोल की रं मुडद्या!" म्या वरडले.

दादानं वाद घातला न्हाई. लेकीला म्हनला, "चल बाळा." तनुजा माझ्या पाया पडाया वाकली आन् म्हनली, "आत्या, तिचं फिटचं औषध फ्रिजवर राहिलंय, तेवढं आणून द्या." आनून दिलं. साक्षीला गाडी लई आवडती. काचेवर थापा मारत, खदाखदा हसत गेली माझी पोर.

अंगनात मी आन् प्रीतम उरलो. गाडी अजून कोपऱ्यावर, दुधाच्या टेम्पोमागं अडकलेली. त्याचं ओठ हललं. मला वाटलं, आता बोलंल, आता हाक मारंल. म्या देवाचं नाव घेतलं.

गाडी वळली.

"आई, जेवायला वाढ," तो म्हनला.

आन् म्या वाढलं.