पाठ फिरवायची नाही

‘मुर्दा पलटन’ हा सिनेमा तारळशिंगीच्या टॉकीजमध्ये मंगळवारी दुपारी तीनच्या खेळाला लागला, तेव्हा तो दोन तास दहा मिनिटांचा होता. शुक्रवार उजाडला तरी तो चालूच होता, आणि तोही मंगळवारचाच खेळ. मधे कुणी तो पुन्हा सुरू केला नव्हता, बंदही केला नव्हता. वर मशीनच्या खोलीतून बशीरभाईंनी भोकाला तोंड लावून सांगितलं की शेवटचं रीळ जितकं फिरतंय तितकं जाड होतंय, आता ते डब्यात मावायचं नाही. खाली सगळ्यांनी ऐकलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही, कारण ते शक्यच नव्हतं.

सगुणा निकम बायकांच्या बाजूची डोअरकीपर होती. खेळ सुरू झाला की दार लावायचं, बॅटरी मांडीवर घ्यायची आणि पहिल्या रांगेच्या टोकाला स्वतःच्या लोखंडी खुर्चीत बसायचं, हा तिचा एकोणीस वर्षांचा नेम. मंगळवारीही ती तशीच बसली. शेजारी तिची मुलगी कुसुम होती. कुसुम गावच्या शाळेत बाई होती, आणि त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आली होती.

सिनेमा होता कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या लढाईचा. खंदकात पाच जिवंत शिपाई, आणि दोन्ही बाजूंचे मेलेले बर्फातून उठून त्यांच्यावर चालून येतात. डबे घेऊन आलेला एजंट सांगत होता की कराडला पोरी किंचाळल्या, इस्लामपुरात एकाने पडद्यावर चप्पल भिरकावली, आणि आणखी एका गावात तर इंटरव्हललाच निम्मं थेटर रिकामं झालं. “हितं बी तसंच हुणार बघा,” असं तो हात चोळत म्हणाला होता.

त्याला तारळशिंगी माहीत नव्हती. इथे घरटी एक माणूस फौजेत. वर्दीतला माणूस समोर आला तर किंचाळायची इथे रीत नाही. त्याला पलटण विचारायची, गाव विचारायचं. आणि दुसरी रीत त्याहून जुनी: वर्दीतला माणूस समोर उभा आहे तोवर त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. रजा संपवून कुणी निघाला की सगळं गाव एसटी थांब्यावर तोंड करून उभं राहतं, ते गाडी खिंडीआड होईपर्यंत. मधेच कुणी वळलं तर काय होतं, हे कुणाला माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी वळलंच नव्हतं.

त्यामुळे मंगळवारी पहिला मेलेला बर्फातून वर आला, अर्धा जबडा गेलेला, एका डोळ्यात बर्फ भरलेला, तेव्हा तिसऱ्या रांगेत सुभेदार आण्णा शेडग्यांनी घसा खाकरला. पेन्शनीत येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण आवाज अजून परेडचाच होता.

“कुठली पलटण, जवान? कुठलं गाव?”

मेलेला थांबला. टाचा जुळवून त्याने नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव आणि गाव सांगितलं. भाषा परकी होती, तरी सगळ्यांनी मान हलवली. मग दुसरा आला. त्यालाही विचारलं. एकाला विचारायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसलं नसतं. इथून सिनेमा लांबायला लागला.

बुधवारपर्यंत खंदकातले पाच हिरो कंटाळून खाली बसले आणि त्यांनी चहा ठेवला. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मेलेल्यांची रांग मात्र डोंगरापर्यंत गेली होती, आणि त्यांची गावं जवळ येत चालली होती. आधी परदेश. मग जालंधर, मग नांदेड, मग फलटण. बुधवारी दुपारी एकाने कोरेगाव सांगितलं तेव्हा बायकांमध्ये चुळबूळ झाली.

बाहेर जायचं तर दारं मागे होती, आणि पाठ फिरवायची नव्हती. पोस्टमन शंकर लाड याला टपाल वाटायचं होतं. तो तोंड पडद्याकडे ठेवून मधल्या वाटेने उलटा चालत निघाला. टॉकीजमध्ये रांगा बावीस. शंकर चालताना मोठ्याने रांगा मोजत होता, म्हणजे कुणाच्या पायावर पाय पडू नये. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. गुरुवारी सकाळी त्याचा आवाज लांबून आला, “चारशे अकरा.” त्यानंतर दुसऱ्या कुणी ते करून पाहिलं नाही.

गुरुवारी पडद्यावरच्या एकाने तारळशिंगी हे नाव घेतलं. तो हिराबाई शेडगेचा नवरा होता, पासष्ट सालच्या लढाईत गेलेला. मग हिराबाईने काय करावं? कुणीही घरची बाई करते तेच तिने केलं. उठली, पडद्याजवळच्या पिंपावरचा तांब्या भरून घेतला, पिशवीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, पडद्याखालच्या सिमेंटच्या पायरीशी गेली, नवऱ्यावरून तुकडा उतरून टाकला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो ओल्या बुटांनी पायरी उतरला आणि हिराबाईच्या खुर्चीत येऊन बसला. हिराबाई वर बर्फात रांगेत उभी होती. तांब्या तेवढा खाली पायरीवर राहिला.

“नुसत्या लुगड्यावर हाय गं ती,” एक बाई म्हणाली. “गारठंल.”

“पहारा हाय त्यो,” सुभेदार आण्णा म्हणाले. “बदली आल्याबिगर चौकी सुटत न्हाई. तिनं बदली दिली, त्यो सुटला.”

“आन् तिला कोन सोडवायचं?”

“घरचंच मानूस लागंल.”

हिराबाईच्या मुलाने, विलासने, आईला सोडवलं. संध्याकाळी विलास वर होता. शुक्रवारी विलासची बायको वर गेली, आणि विलास खाली बसून तिच्याकडे बघत होता, बुट्टीतलं बी निवडावं इतक्या निवांतपणे. खाली आलेले काही बोलत नसत. पापणी न हलवता सिनेमा बघत. आणि वर गेलेल्यांना नंबर, हुद्दा, नाव, गाव एवढंच बोलता येई. हिराबाईला नंबर आणि हुद्दा नव्हता, म्हणून वर असताना ती फक्त नाव आणि गाव सांगायची. सूनही आता तेच सांगत होती. शेडग्यांच्या घरातलं एक माणूस कायम वर असणार, हे सगुणाला तेव्हा स्वच्छ कळलं. आणि पुढचं घर कुणाचं तेही तिला ठाऊक होतं.

सगुणाचा नवरा धोंडीराम सव्वीस वर्षांपूर्वी लढाईत बेपत्ता झाला. तारेत ‘बेपत्ता’ हाच शब्द होता. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. सगुणाने कुंकू पुसलं नाही. भिंतीवरच्या फोटोला हार घातला नाही. चार महिन्यांनी कुसुम झाली. कुसुमच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात पेन अडायचं, आणि स्थळं आली की पाहुणे विचारायचे, “वडील करतात काय?” यावर मायलेकी एकमेकींकडे बघायच्या. एवढ्याशा प्रश्नावर तीन स्थळं परत गेली होती. कुसुमला लग्नाची हौस राहिली नव्हती. तिला फक्त एकदा त्या माणसाला बघायचं होतं, आणि हे तिने आईला लपवून ठेवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, बशीरभाईंच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा, धोंडीराम आला.

बर्फ झटकून तो पुढे झाला. छातीवर वर्दी काळी पडलेली, बाकी फोटोतल्यासारखाच, डाव्या भुवईवरची खोक धरून. आण्णांनी विचारलं. पण या खेपेला त्यांचा आवाज फाटला.

धोंडीरामने नंबर सांगितला. मग म्हणाला, “लान्सनायक धोंडीराम निकम. तारळशिंगी.”

सगुणाला तो आवडला. सव्वीस वर्षांनी, अगदी मनापासून, पहिल्या दिवसासारखा आवडला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला भडभडून आलं, कारण तो चोवीस वर्षांचा होता आणि शेजारी बसलेली त्याची मुलगी त्याच्याहून मोठी होती. त्याला कुठे कुसुमच्या वर्गात बसवलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई चांगल्या आहेत, पोरगा जरा दमलेला दिसतो.

“आई,” कुसुम म्हणाली. “हेच ना?”

“हेच.”

कुसुमने पर्समधून डबा काढला. मंगळवारची अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी. भाकरी अजून मऊ होती. तिने ती हातात घेतली आणि पिंपाकडे बघितलं.

“बस खाली,” सगुणा म्हणाली.

“ते उभे आहेत, आई.”

“राहू देत उभे. सव्वीस वर्षं राहिलेत.”

“म्हणूनच.”

“शेडग्यांचं बघितलंस ना? तू वर गेलीस की मी तुला सोडवीन. मग तू मला. मग मी पुन्हा तुला. जन्म सरंल आपला त्या पायरीवर.”

“मग काय करायचं?” कुसुम रडत नव्हती. शाळेत पोरांना विचारते तसं तिने विचारलं होतं. “ते आलेत आणि आपण नुसतं बसून राहायचं?”

आता सगळं थेटर त्या दोघींकडे कान देऊन होतं, तोंड अर्थातच पडद्याकडे. “सगुणे,” मागून आण्णा म्हणाले, “दारातल्या मानसाला ताटकळत ठिवू ने.” बायका म्हणाल्या, “घाल बाई पानी.” धोंडीराम उभा होता. त्याने पुन्हा नंबर, हुद्दा, नाव, गाव सांगितलं, त्याच सुरात. मग तिसऱ्यांदा. दर वेळी पायरी थोडी जवळ सरकत होती. सकाळी पहिल्या रांगेपासून ती दहा पावलांवर होती. आता सगुणाने पाय लांब केला असता तर अंगठा लागला असता. मागे खूप लांबून शंकर लाडचा आवाज आला, “नऊशे दोन.”

कुसुम उठली. तांब्या आता हात लांबवला की मिळेल इतक्या जवळ आला होता. तिने तो पिंपात बुडवला.

सगुणाने विचार केला तो एवढाच, की निकमांच्या घरातलं कुणी त्या पायरीशी जायचं नाही. मुलीला इथून न्यायचं. दार तिचं होतं, किल्ली तिच्या कमरेला होती. उलटं चालून दार येत नसेल तर सरळ चालायला हवं, आणि सरळ चालायचं तर वळायला हवं.

तिने धोंडीरामकडे डोळे भरून बघितलं. त्याच्या पायांवर पाणी घालायचं राहिलं, हे तिला फार लागलं. “माफ करा,” ती म्हणाली. मग बॅटरी उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने कुसुमचं मनगट धरलं, आणि पाठ फिरवली.

मागे कुणीतरी “आगं!” म्हणालं. तिच्या हातातलं मनगट निसटलं, ओल्या हातातून साबण निसटावा तसं. पण तिने पाऊल टाकलं, कारण समोर मधली वाट दिसत होती, बावीस रांगा आणि शेवटी दार, जसं असायला हवं तसं.

पावलाखाली करकर वाजलं. बर्फ होता.

ती थांबली. समोर दार नव्हतं. समोर थेटर होतं, बावीस रांगा तोंड करून बसलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पांढरा उजेड. वर बशीरभाईंच्या भोकातून येणारा झोत सरळ तिच्या डोळ्यांत घुसत होता. तिच्या हातातली बॅटरी बंद होती. पहिल्या रांगेच्या टोकाला, तिच्या लोखंडी खुर्चीत, धोंडीराम ओले बूट जुळवून बसला होता. तो तिच्याकडे बघत होता, सिनेमा बघतात तसा.

त्याच्या शेजारी कुसुम उभी होती.

तिसऱ्या रांगेत आण्णांनी घसा खाकरला. “कुठलं गाव, बाई?”

कुसुमने तांब्या डाव्या हातात घेतला आणि पायरीकडे आली. “थांब आई, सोडवते,” ती म्हणाली आणि भाकरी मोडू लागली.

सगुणाने छाती भरून श्वास घेतला. मोडू नकोस, तिला ओरडायचं होतं. बाबांना घेऊन घरी जा, फोटोला हार घाल, मला राहू दे. तिने तोंड उघडलं.

“सगुणा धोंडीराम निकम,” ती म्हणाली. “तारळशिंगी.”