वीस पाणकिडे

"दुधाच्या पातेल्याला जागा नाही, आणि बुरशी बघा कशी ऐसपैस बसलीय!" फ्रीजमध्ये डोकं खुपसून आई पुटपुटली.

"आई, ती बरणी आडवी करू नकोस हं," लेक म्हणाली.

"नाही गं बाई. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त ठेवली नव्हती मी."

घरामागे बाबांचा कापड रंगवायचा कारखाना, त्यामागे नाला. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग, तोच नाल्याला. घरात मात्र नाल्याचा विषय निघाला की कुणाला तरी हटकून चहा टाकायचं आठवायचं. "पूर्वीपासूनच तसा आहे तो," एवढ्यावर बोळवण व्हायची.

लेकीने प्रयोगशाळेत चार वर्षं घालवून कुजक्या लाकडावरची एक बुरशी हाताशी धरली होती. ती लाकूड खाते तसा रंगही खाते. भुशावर ती वाढवायची, त्यातून सांडपाणी गाळायचं, आणि निघालेल्या पाण्यात मोहरीएवढे वीस पाणकिडे सोडायचे. दोन दिवसांनी ते जिवंत असले की जिंकलो. प्रयोगशाळेत जमलं होतं. कारखान्यातल्या टाकीत मात्र दोनदा फसलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, आता एकदाच. नाही जमलं तर टाकी उचला.

पहिल्यांदा भुसा ओला राहिला नव्हता. दुसऱ्यांदाचं कारण टाकीच्या वासानेच सांगितलं. बाबांनी, जन्मभर डोळ्यांनी रंग पारखणाऱ्या माणसाने, पाणी पिवळट दिसलं म्हणून मदतीखातर मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली होती. पाणी आरशासारखं लख्ख झालं. बुरशी मेली, किडेही मेले.

"बाबा, स्वच्छ दिसणं वेगळं आणि असणं वेगळं!"

"रंगाऱ्याला पाणी शिकवतेस?" बाबा गुरकावले. पण दुसऱ्या दिवशी पावडरीच्या कपाटाची किल्ली मुकाट्याने तिच्या हातात ठेवली.

आज तिसऱ्या खेपेचे दोन दिवस भरले. पाणी अजून पिवळटच होतं. कारखान्यात लेक भिंग घेऊन काचेच्या भांड्यावर वाकली.

"मेले का गं?" दुधाचं पातेलं हातात घेऊनच आलेल्या आईने दारातून विचारलं.

"आई, जरा शुभ बोल! सतरा... अठरा... एकोणीस."

विसावा तळाशी निपचित. बाबांनी निळ्या पडलेल्या नखाने काचेवर हलकेच टिचकी मारली. किडा दचकला, गिरकी घेऊन सरळ वर आला.

"वीस!" लेक किंचाळली.

कामगार धावत आले. लाल-निळ्या हातांनी त्यांनी रिकामी पिंपं बडवून कारखाना दणाणून सोडला. आई पातेल्यासकट नाचली. निम्मं दूध जमिनीवर गेलं, आणि पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटलं नाही.

"आता मोठी टाकी बांधायची," लेक डोळे पुसत म्हणाली. "मग हळूहळू नाल्यातही जीव येईल."

"येऊ दे बाई," आई म्हणाली. "पूर्वीपासूनच मेला..."

"नव्हता," बाबा म्हणाले. पिंपं थांबली. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मासे होते त्यात. मी मारला तो नाला."