नरसिंग कंडक्टरच्या अंगातली देवी

नरसिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, नारळ फुटत होते. बायांनी तर ताजी ओवीही रचली होती:

देवी आली गं पाहुणी, कुंकू सांडीत सांडीत,
माझ्या नरसिंग राजाच्या, बसली मोडक्या मांडीत.

नरसिंग एसटीचा कंडक्टर. परवा मोटारसायकल घसरून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. आई नागुबाईनं त्याला हाडं बसवणाऱ्या बजरंगबुवाच्या हवाली केलं. बुवानं तेल लावून मांडी चोळली, ओढली, पुन्हा चोळली. आज सकाळी नरसिंगला धाप लागली, छातीवर आणि काखेत लाल ठिपके उठले, आणि तो बरळू लागला.

"मागचे पुढं सरका."

मागचे भाविक पुढं सरकले.

"सुट्टे पैसे काढा."

बुवाचं ताट खणखणलं.

"निलंगा, निलंगा..."

"देवीआईला निलंग्यात ठाणं पायजे," बुवानं अर्थ लावला. "हे कुंकू पुसून बघा, पुसतंय का? आई आतून लावून राहिली."

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातली डॉक्टर धम्मप्रिया, गावचीच लेक, वाट काढत आत आली. तिनं ठिपक्यांवर काचेचा पेला दाबला. ठिपके काचेखाली तसेच लाल. मग नरसिंगच्या बोटाला छोटं यंत्र लावलं. ऐंशी.

"बुवा, आता तुमचं बोट."

सत्त्याण्णव. हलगीवाला अठ्ठ्याण्णव. मग सगळ्यांनाच हौस आली. बोटांची रांग लागली, हलगी थांबली.

"मावशी, रक्तात प्राणवायू किती, ते हे सांगतं. पंच्याण्णवच्या खाली नको," धम्मप्रिया नागुबाईला म्हणाली. "हाडाच्या पोकळीत चरबी असती. मोठं हाड मोडलं की तिचे थेंब रक्तात उतरतात. हलवलं, चोळलं की आणखी. फुप्फुसात अडकले की धाप, मेंदूत गेले की बरळणं. कातडीखाली बारीक नसा फुटल्या की हे ठिपके, काचेनं दाबले तरी जात न्हाईत. कुंकू न्हाई, रक्त हाय."

"आन् देवी बोलली ते?"

"देवी कवा तिकिटं फाडती का, मावशी? ड्युटीवरचंच बोलून राहिला तो. ॲम्ब्युलन्स बोलावली हाय, लातूरला न्यावं लागंल."

कुणीतरी फिसकन हसलं.

"गाडीत घातला तर कोप हुईल," बुवा गरजला.

नागुबाईनं लेकाचे निळे पडलेले ओठ पाहिले. "समद्यांचा श्वास ठीक, आन् जिच्यासाठी नारळ फोडले ती माझ्याच लेकराचा काढून घेती व्हय? हो बाजूला." मग लेकाच्याच सुरात ओरडली, "पुढचे मागं सरका. दार मोकळं करा."

पाय फळीला बांधून नरसिंग ॲम्ब्युलन्समधून लातूरला निघाला. बुवाही पसार झाला, रांगेत पुन्हा घुसून बोटाला लावलेलं यंत्र तसंच घेऊन. हलगीवाल्यानं वेशीपर्यंत पळत जाऊन ते काढून आणलं.

लातुरात नरसिंगला प्राणवायू लावला, अतिदक्षता विभागात ठेवलं. श्वास सावरल्यावर हाडात सळई बसवली. महिन्याभरानं तो कुबडीवर अंगणात आला, तेव्हा बायांची ओवी बदलली होती:

हाड मोडलं मांडीचं, नको तेल नको बुवा,
फळी बांधून राजस, लातुराला आधी न्यावा.

ओवी अशीच गात राहा. अंगात आलं म्हणून हात जोडण्याआधी माणसाला श्वास नीट येतोय का, तेवढं बघा.