विभूतीची विहीर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याला कागदांचा भारी सोस होता. उस्मानाबादहून फुटून वर्षही झालं नव्हतं, कचेरीत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, पण आमच्या उपकेंद्रावर दर आठवड्याला एक नवा छापील तक्ता यायचा. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातल्या तक्त्यात विचारलं होतं, की साथीच्या काळात लोकांनी प्रतिबंधक उपाय कोणत्या कारणाने स्वीकारले? पुढे चार चौकोन होते. आरोग्य शिक्षण, रोगाची भीती, पुढाऱ्यांचा सल्ला, इतर. मी ‘आरोग्य शिक्षण’वर खूण केली आणि मनात हसले. आमच्या गावानं काय केलं ते समजायला त्या साहेबांना सात जन्म लागले असते.

गावाचं नाव सांगत नाही. निलंग्याकडचं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. मी तिथे नर्स होते, वय सत्तावीस, माहेर उदगीरचं. मला ते गाव पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. तिथले पुरुष दिवसभर पारावर बसून पावसाला नावं ठेवायचे आणि बायका दोन-दोन मैल पाण्यासाठी चालायच्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सगळ्या विहिरी आटल्या होत्या, एका मठाच्या विहिरीत तेवढं कमरेइतकं पाणी होतं. बाकी गाव नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे खणून त्यात झिरपेल ते वाटीवाटीनं भरायचं. त्या खड्ड्यांना झिरे म्हणत. झिऱ्याच्या काठावर जनावरंही उभी असत आणि जनावरं जे करतात ते करत.

चैत्रात हगवण-उलट्यांची साथ आली आणि आठ दिवसांत दोन म्हातारी माणसं गेली. मी तालुक्याला चार चकरा मारून ब्लीचिंग पावडरचा डबा आणला आणि पारावर सभा घेतली. जंतू, क्लोरीन, दशलक्ष भागात एक भाग, सगळं सांगितलं. तासभर बोलले. ऐकणारे सगळे पुरुष होते आणि घरात पाण्याची घागर आणणारा त्यातला एकही नव्हता. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

महादेवप्पा सरपंच होता आणि त्याचं किराणा दुकानही होतं. त्यानं डब्याला नाक लावलं आणि मागे सरकला.

“बाई, मठाच्या पान्यानं आमी लिंगाला अंघोळ घालतो. आता लिंगाला फिनेल घालावं का?”

सगळे हसले. हा माणूस लिंगपूजा उरकली की त्याच ओल्या हातानं बिडी पेटवायचा. त्याच्या सोवळ्यासाठी गावानं मरायचं ठरवलं. मला वाटलं, मरा.

पण मरा म्हणून मोकळं होता येत नव्हतं, कारण जगदेवी होती. मी जिच्या घरात एका खोलीत राहायचे त्या गंगम्माची ती एकुलती लेक. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले होते, आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. पायाला सूज, अंगात रक्त नाही. तिला एक दिवस जरी हगवण लागली तरी पोटातलं राहणार नाही, हे मला तिला तपासलं त्या दिवशीच कळलं होतं.

मग मी वीरण्णा स्वामींकडे गेले. स्वामी मठात राहायचे, स्वभावानं वाईट नव्हते, फक्त कुणी बोलावलं नाही की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यांना म्हटलं, पावडर मी कालवून देते, ती विहिरीत तुम्ही सोडा. ते तयारच बसले होते. एकच अट घातली, शंख वाजवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावडर बादलीत कालवली, वरचं पाणी मठाच्या तांब्याच्या घागरीत ओतलं. स्वामींनी शंख फुंकला, ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत घागर खाली सोडली आणि वर बघून सांगितलं, ही मठाची विभूती आहे, हिच्या वासाला रोग टिकत नाही. आदल्या दिवशी पारावर ज्या वासानं लोकांना मळमळत होतं तोच वास तीच माणसं डोळे मिटून छातीत भरून घेऊ लागली. रांगेत सर्वांत पुढे कोण, तर महादेवप्पा, धुतलेल्या धोतरात. त्याच्या आधी कुणी भरलं असतं तर त्यानं रुसून जेवण सोडलं असतं. मी बाजूला उभी राहून पाहत होते आणि मला इतकी किळस आली की काय सांगू. आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या हुशारीचा आनंदही तेवढाच झाला.

त्या दिवशी गंगम्मानं मला भाकरी वाढताना विचारलं, “पोरी, सामीनं हिरीत काय सोडलं गं?”

“विभूती, अव्वा,” मी म्हटलं.

खरं सांगितलं तर दुपारपर्यंत गावभर होईल, असा मी हिशेब केला. अंगठा उठवणारी बाई, हिला क्लोरीन काय कळणार.

“जगदेवीला ते पाणी रोज द्या,” एवढं बजावलं.

“देती की. न चुकता देती.”

माझ्याकडे पाच गावं होती. सकाळी बाहेर पडायचे, दिवस कलताना परतायचे. दर तिसऱ्या दिवशी स्वामी शंख फुंकायचे, मी घागर भरून द्यायचे. विहिरीचं पाणी फारसं उतरत नव्हतं, त्यावर मी मनाशी म्हटलं, लोक काटकसर शिकले. माझी पिण्याची घागर मी वेगळी ठेवायचे, उकळून. त्यांच्या रांजणात मी एकदाही डोकावले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी जगदेवीला उलट्या सुरू झाल्या. मी धावत आत गेले तेव्हा तिचे डोळे आत गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. मी मीठ-साखरेचं पाणी करायला घेतलं आणि विचारलं,

“अव्वा, हिला विहिरीचंच पाणी देत होता ना?”

“हाव. रोज तीन येळा.”

“तीन वेळा म्हणजे?”

गंगम्मानं तळहात खोलगट करून दाखवला. “तीन आचमनं. सकाळी, दुपारी, दिवा लागल्यावर.”

“आणि तहान लागल्यावर?”

“झिऱ्याचं. तहानंला तीर्थ पितात का कुटं? सांडतंय, उष्टं होतंय, पाय लागतोय. सगळं गाव असंच करतंय की. घरटी एक तांब्या नेत्यात.”

रांजणाचं झाकण काढलं तर तळाशी नदीची वाळू होती.

शेजारच्या धोंडप्पानं बैलगाडी जुंपली. निलंग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. सलाईनच्या चार बाटल्या गेल्या. जगदेवी वाचली. बाळ संध्याकाळी झालं, मुलगा होता, रडला नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, गावात पाणी शुद्धीकरण चालू नाही का? मी चालू आहे म्हणाले.

गंगम्मा दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले तशी हळूच म्हणाली, “मी कुटं चुकले गं? पाच येळा द्याला पायजे होतं का?”

तेव्हा मला ते सहन झालं नाही. सगळं सांगितलं. विभूती नव्हती, दवा होती. मीच कालवायचे. स्वामींना मीच पढवलं. पाणी पोटभर प्यायचं होतं. ती ओरडेल, मला शिव्या देईल, दवाखान्याच्या अंगणात माझी शोभा करील, असं वाटलं. तिनं तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.



“दवा हाय म्हनून मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “घागरीनं पाजली असती. लेकीला दवा पाजाया मला सामी लागतो का?”