चौऱ्याण्णवच्या खाली

मी थर्मामीटर. काचेचा, पाऱ्याचा, जुन्या वळणाचा. कपाळासमोर नुसतं धरलं की टुक् करून आकडा सांगणारे माझे धाकटे भाऊबंद हल्ली फार झालेत, पण त्यांना सेल लागतात. मला लागते एक काख आणि पाच मिनिटांचा धीर.

कारखान्यात माझ्या अंगावर रेघा उमटल्या त्या चौऱ्याण्णवपासून एकशे आठपर्यंत. माणसाला ताप येतो आणि ताप चढतो, म्हणून सगळी जागा वरच्या अंगाला. चौऱ्याण्णवच्या खाली बोटभर कोरी काच आणि मग पाऱ्याची गोटी. त्या कोऱ्या जागेचं मला कधी काही वाटलं नाही. तिथे कोण कशाला जाईल?

माझं पहिलं घर बरं होतं. औषधांच्या पत्र्याच्या डब्यात मी कापसात लोळत असे. त्या घरातली मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणत, गणिताच्या परीक्षेच्या दिवशी मला गरम पाण्याच्या पेल्यात बुडवून आईकडे घेऊन गेली. माझा पारा एकशे सातवर! आईने मला पाहिलं, मग तिला पाहिलं.

"एकशे सात ताप असलेली माणसं दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत, चिमे. दप्तर उचल."

मला हसू आवरेना. माणसं मला खोटं बोलायला लावतात, पण नेहमी वरच्या बाजूने, हे मला तेव्हाच कळलं होतं.

ही चिमणी पुढे नर्स झाली. लहान मुलांच्या वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणू लागले. तिचं अक्षर मोत्यासारखं. शिकताना तिच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसली होती: रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा रकाना म्हणजे काम केलं नाही.

मग लढाई सुरू झाली. दवाखान्याचं छप्पर गेलं आणि वॉर्ड एका शाळेत आला. बाकं जोडून खाटा केल्या. खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या, तिथे प्लास्टिक चिकटवलं; ते दिवसभर फडफडत असे. सेल संपले, तशी सिस्टरने घरून मला आणलं. कधी नव्हे तो मी भाव खाऊन गेलो.

तो भाव चार दिवस टिकला. थंडी पडली आणि एका सकाळी एका बाळाच्या काखेत पाच मिनिटं राहूनही माझा पारा गोटीतून हलला नाही. सिस्टरने मला झटकलं, दुसऱ्या काखेत लावलं. पुन्हा तेच. तिने वहीकडे पाहिलं. रकाना समोर होता. पहिली रेघ चौऱ्याण्णवची, म्हणून तिने सुंदर अक्षरात चौऱ्याण्णव लिहिलं आणि बाळाला गुंडाळायला काहीतरी शोधायला धावली. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला ओरडता येत नाही. मला फक्त चढता येतं.

पुढे रोज तेच होऊ लागलं.

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई उंच आणि तापट. त्यांनी एक दिवस फळ्यासमोरच्या टेबलावर पत्र लिहायला घेतलं. ब्लँकेटं, टोपडी, लोकरीचे कपडे आणि शेगड्यांचं तेल भरलेले ट्रक नाक्यापलीकडे तीन आठवडे अडकून पडले होते. "मुलं गोळ्यांनी नाही, थंडीने जाताहेत. ट्रक सोडा," असं त्यांनी नाक्यावरच्या अधिकाऱ्यांना लिहिलं. अकरा डॉक्टर-नर्सांनी सह्या केल्या. पुरावा म्हणून वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. अक्षर इतकं स्वच्छ की मलाच माझा अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात एका शिंप्याची मुलगी आली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली, तळहातात मावेल एवढी. आई शेजारच्या बाकावर, अंगात त्राण नाही. शिंप्याने दुकानातल्या कोटाचं अस्तर काढून मुलीला पिशवीसारखा अंगरखा शिवला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला सदरा उघडायला लावला आणि मुलगी छातीवर ठेवली.

"ट्रक येईपर्यंत तुम्हीच तिची शेगडी. हलायचं नाही."

"शिलाईला बसलो की दहा-दहा तास हलत नाही, डॉक्टरबाई. तुम्ही ट्रकाचं बघा."

पत्राला नवव्या दिवशी उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंनी ते सकाळच्या फेरीतच मोठ्याने वाचलं.

"सोबतच्या नोंदींनुसार एकाही बालकाचे तापमान चौऱ्याण्णवच्या खाली गेलेले दिसत नाही. सबब परिस्थिती चिंताजनक असली तरी तातडीची मानता येत नाही."

मग त्यांनी वही उघडली.

"सिस्टर, पानंच्या पानं चौऱ्याण्णव?"

"पारा हलतच नव्हता, मॅडम. मग काय लिहिणार? रकाना कोरा..."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "प्रत्येक पानावर सही माझी आहे. माझ्या तरी कुठे लक्षात आलं?"

शिंप्याने मुलीला न हलवता हात पुढे केला. सिस्टरने मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला उजेडाकडे धरून पाहिलं.

"ह्याला चौऱ्याण्णवच्या खाली आकडेच नाहीत की! माझ्या टेपचे पहिले दोन इंच फाटलेत, म्हणून गिऱ्हाईक दोन इंच जाड होतं का, सिस्टर?"

तो रागाने बोलला नाही, तरी सिस्टर रडली. मीही रडलो असतो. कारखान्यापासून ज्या कोऱ्या काचेचं मला काही वाटलं नव्हतं, तिची मला लाज वाटली.

सिस्टर लाल पेन घेऊन वही दुरुस्त करायला बसली आणि पहिल्याच पानावर अडली. यातले खरे चौऱ्याण्णव कुठले आणि तिने नुसते लिहिलेले कुठले, हे तिला आठवेना. मला एकूण एक आठवतं. तिसऱ्या खाटेवरच्या जुळ्यांपैकी थोरल्याचं चौऱ्याण्णव खरं होतं, धाकट्याचं नव्हतं. धाकटा आता त्या खाटेवर नाही. मला कुणी विचारलं असतं तर पान न पान सांगितलं असतं. पण माझी सगळी भाषा त्या रेघांचीच, आणि मुलं रेघांच्या बाहेर होती.

दुसरं पत्र गेलं. त्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट लिहिलं की आमचा थर्मामीटर चौऱ्याण्णवच्या खाली मोजू शकत नाही. त्याला आज सहा दिवस झाले. उत्तर नाही. ट्रक नाक्यापलीकडेच आहेत. वाऱ्याची दिशा इकडची असली की त्यांचे हॉर्न इथवर ऐकू येतात.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ डब्यात पडला असेल. त्याला हातात घ्या आणि पहिल्या रेघेच्या खाली बघा. बोटभर काच कोरी दिसेल. ती कोरी नाही. आमची मुलं तिथे आहेत. ज्यांच्या एका सहीने नाका उघडतो, त्यांना एवढं कुणीतरी सांगा.

आत्ता मी शिंप्याच्या मुलीच्या काखेत आहे. बाप श्वाससुद्धा बेताने घेतोय. सिस्टर घड्याळ बघतेय. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. मी माझ्या परीने जोर लावतोय, पण स्वतःची ऊब माझ्यात थेंबभरही नाही. मला जे चढायचं ते तिच्याच जिवावर. पाच मिनिटं झाली. सिस्टर मला काढते, उजेडात धरते, पुसते आणि लिहिते, 'मोजता येत नाही.'

मग ती मला पुन्हा मुलीच्या काखेत ठेवते.

"आणखी पाच मिनिटं बघू," ती शिंप्याला म्हणते.